१ जूनचे वाढदिवस आणि आधीच टिक केलेली चौकट

महाराष्ट्रातल्या पन्नाशी ओलांडलेल्या माणसांच्या जन्मतारखा पाहत गेल्यास १ जून ही तारीख इतक्या वेळा समोर येते की त्या दिवशी राज्यभर घरोघरी पाळणे हलले असावेत असा समज व्हावा. खरे कारण बहुतेकांना ठाऊक आहे. मुलाचे नाव शाळेत घालायला आलेल्या आईवडिलांना नेमकी तारीख सांगता येत नसे. पोळ्याच्या आसपासचा जन्म, किंवा दुष्काळ पडला त्याच्या पुढच्या सालचा, एवढाच हिशेब त्यांच्यापाशी असे. दाखल-खारिज रजिस्टरातला रकाना मात्र कोरा ठेवून चालत नसे. मग शाळा जूनमध्ये उघडते आणि पहिलीसाठी वयाची अट पुरी व्हायला हवी, हे धरून गुरुजी १ जून लिहून मोकळे होत. तीच तारीख पुढे शाळा सोडल्याच्या दाखल्यावर, दहावीच्या प्रमाणपत्रावर, सेवापुस्तकात, पॅन कार्डावर आणि आधार कार्डावर उतरत गेली. महिन्याच्या पहिल्या तारखेचा जन्म असलेला सरकारी कर्मचारी आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो, त्यामुळे दर ३१ मे रोजी राज्यातल्या सरकारी कार्यालयांमध्ये आणि जिल्हा परिषदांमध्ये निरोप समारंभांची एकच गर्दी उडते.

मी ॲप आणि संकेतस्थळे यांच्या स्क्रीन आखण्याचे काम करते. आमच्या व्यवसायात अशा तारखेला डिफॉल्ट म्हणतात, म्हणजे समोरच्याने काही सांगितले नाही तर यंत्रणेने आपणहून धरलेले उत्तर. गुरुजींच्या मनात खोट नव्हती, सोय होती. पण रकाना भरणारा एक आणि त्याचे परिणाम आयुष्यभर वागवणारा दुसरा, ही डिफॉल्टची मूळ रचना त्या रजिस्टरात पुरती उतरलेली आहे. आणि भरताना क्षणाचे काम असलेली नोंद बदलताना मात्र प्रतिज्ञापत्रे आणि कचेरीचे खेटे मागते, हा भागही.

यूएक्सचे, म्हणजे वापरणाऱ्याच्या दृष्टीने ॲप आखण्याचे, काम शिकणाऱ्या प्रत्येकाच्या हाती सुरुवातीलाच कॉग्निटिव्ह बायसची, म्हणजे माणसाच्या विचारात ठरावीक दिशेने पडणाऱ्या चुकांची, एक लांबलचक यादी येते. अँकरिंग, लॉस अव्हर्जन, सोशल प्रूफ, झायगार्निक परिणाम, पीक-एंड नियम, अशी नावे त्यात असतात, आणि बहुतेक कार्यालयांत ती यादी मिसळणाच्या डब्यासारखी वापरली जाते: विक्री कमी होते आहे ना, मग चिमूटभर टंचाई घाला, वर थोडे 'इतर ग्राहकांनी हेही घेतले' भुरभुरवा. डिफॉल्टही त्याच यादीत इतरांच्या ओळीत बसलेला असतो. माझ्या मते त्याला त्या ओळीतून उठवून वेगळे बसवायला हवे, कारण इतर बहुतेक युक्त्यांना माणसाने निदान पाहावे, वाचावे, तुलना करावी एवढे तरी लागते. डिफॉल्ट मात्र न पाहणाऱ्यावर सर्वांत जास्त चालतो. आणि तो बरा की वाईट हे ठरवण्यासाठी एक कसोटी हाताशी आहे, जी आमच्या बैठकांमध्ये फारच क्वचित लावली जाते: चौकट कोरी ठेवून, उत्तर दिल्याशिवाय पुढे जाता येणार नाही अशा रीतीने विचारले असते, तर लोकांनी काय निवडले असते?

डिफॉल्ट का चालतो, याचे सरळ उत्तर आळस असे दिले जाते. ते अपुरे आहे. कष्ट वाचतात हे खरेच, पण त्याखेरीज आधीच केलेली टिक हा एक सल्लाही असतो. ज्याअर्थी बनवणाऱ्यांनी हा पर्याय धरून ठेवला आहे, त्याअर्थी बहुतेक लोक हाच घेत असतील, असा अर्थ वाचणारा आपोआप काढतो, आणि पुष्कळदा तो चूकही नसतो. तिसरे कारण अधिक खोल आहे. डॅनियल काहनेमन आणि एमोस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये मांडलेल्या प्रॉस्पेक्ट थिअरीनुसार माणूस लाभ-हानी मोजतो ती एका आरंभबिंदूपासून, आणि तेवढ्याच रकमेच्या लाभापेक्षा हानी त्याला जास्त बोचते. विम्याच्या चौकटीत आधीच टिक असेल तर ती काढणे म्हणजे हातचे संरक्षण घालवणे वाटते. टिक नसेल तर ती करणे म्हणजे खिशातले पैसे घालवणे वाटते. विमा तोच, हप्ता तोच. बदलला तो केवळ आरंभबिंदू, आणि तो स्क्रीन आखणाऱ्याने ठरवला. विल्यम सॅम्युएलसन आणि रिचर्ड झेकहाउझर यांनी १९८८ मध्ये आहे तेच चालू ठेवण्याच्या या ओढीवर सविस्तर लिहिले, तेव्हा त्यांच्यासमोर स्क्रीन नव्हत्या, प्रश्नावल्या आणि विम्याच्या योजना होत्या. तरी त्यातले सारे काही आज मोबाइलवर जसेच्या तसे लागू पडते.

या विषयावरच्या प्रत्येक सादरीकरणात एक आलेख हमखास असतो. एरिक जॉन्सन आणि डॅनियल गोल्डस्टीन यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात युरोपातल्या देशांची अवयवदानाच्या संमतीची टक्केवारी दिली होती: जर्मनीत १२ टक्के आणि शेजारच्या ऑस्ट्रियात ९९.९८ टक्के, डेन्मार्कमध्ये ४.२५ आणि स्वीडनमध्ये ८५.९. संस्कृती जवळची, भूगोल जवळचा, फरक एवढाच की एका ठिकाणी दाता होण्यासाठी नाव नोंदवावे लागते आणि दुसऱ्या ठिकाणी दाता न होण्यासाठी. आलेखातले उंच आणि बुटके खांब इतके प्रभावी दिसतात की पाहणारा थक्क होतो, आणि वक्ता पुढच्या स्लाइडकडे वळतो.

तिथेच थांबल्यामुळे दोन गोष्टी हरवतात. पहिली अशी की ९९.९८ टक्के हा 'नाही' असे न कळवलेल्यांचा आकडा आहे, प्रत्यक्ष झालेल्या दानांचा नाही. अवयवदानात अनेक वर्षे जगात आघाडीवर राहिलेल्या स्पेनमध्ये गृहीत संमतीचा कायदा १९७९ पासून आहे, पण तिथेही रुग्णालयात कुटुंबीयांना विचारले जाते, आणि स्पेनच्या यशाचे श्रेय तिथले जाणकार १९८९ मध्ये उभ्या राहिलेल्या राष्ट्रीय प्रत्यारोपण संघटनेला, रुग्णालयांमधल्या प्रशिक्षित समन्वयकांना आणि नातेवाइकांशी बोलण्याच्या त्यांच्या पद्धतीला देतात. आपल्याकडे १९९४ च्या कायद्याखाली संमती द्यावी लागते आणि प्रत्यक्ष प्रसंगी जवळच्या नातेवाइकांचा होकारच निर्णायक ठरतो. नोंदवहीतली टिक आणि अतिदक्षता विभागाबाहेरचा होकार यांच्यात फार मोठे अंतर आहे. डिफॉल्टने पहिली मिळते; दुसऱ्यासाठी माणसे लागतात.

दुसरी गोष्ट माझ्या दृष्टीने त्याहून महत्त्वाची आहे. त्याच लेखात एक ऑनलाइन प्रयोगही होता. एका गटाला सांगितले की तुम्ही दाते नाही, व्हायचे असल्यास सांगा. त्यांपैकी ४२ टक्के दाते झाले. दुसऱ्या गटाला सांगितले की तुम्ही दाते आहात, नको असल्यास सांगा. ८२ टक्के दाते राहिले. तिसऱ्या गटासाठी काहीच गृहीत धरलेले नव्हते, हो किंवा नाही यांतले एक निवडावेच लागत होते. तिथे ७९ टक्क्यांनी होकार दिला. हा तिसरा आकडा सादरीकरणांमध्ये बहुधा नसतो. तो असता तर दिसले असते की गृहीत होकाराने लोकांना फारसे फसवलेले नाही, लोकांच्या मनात जे होते तेच जवळपास त्याने नोंदवले. उलट गृहीत नकारामुळे जवळजवळ निम्म्या इच्छुकांची इच्छा कागदावर उतरलीच नाही. हाच तिसरा गट वापरून एखादा डिफॉल्ट प्रामाणिक आहे की नाही, हे तपासता येते.

पेन्शनच्या क्षेत्रातले उदाहरणही असेच अर्धे सांगितले जाते. ब्रिजिट मॅड्रियन आणि डेनिस शे यांनी २००१ मध्ये एका मोठ्या अमेरिकी कंपनीतल्या नोंदी अभ्यासल्या. नव्या कर्मचाऱ्याला आपोआप बचत योजनेत घेण्याची पद्धत सुरू झाल्यावर सहभाग ४९ टक्क्यांवरून ८६ टक्क्यांवर गेला, आणि हे यश जगभर गाजले. पण कंपनीने डिफॉल्ट म्हणून पगाराच्या ३ टक्के वर्गणी आणि अगदी कमी परतावा देणारा सुरक्षित फंड ठेवला होता, आणि आपोआप आत आलेल्यांपैकी पुष्कळ जण तिथेच बसून राहिले; एरवी ज्यांनी स्वतःहून जास्त वर्गणी आणि बरा फंड निवडला असता, तेही. दार उघडून आत घेतलेला माणूस ज्या खुर्चीजवळ उभा केला, त्याच खुर्चीवर बसला. म्हणून डिफॉल्ट ठरवताना 'किती जण आत आले' एवढेच मोजून भागत नाही.

न्यूयॉर्कच्या टॅक्सीतल्या कार्डयंत्रांचा अभ्यास उलट बाजू दाखवतो. तिथे प्रवास संपल्यावर स्क्रीनवर टिपचे तयार पर्याय येतात. हे पर्याय वरच्या टक्केवारीचे असले की सरासरी टिप वाढते, हे करीम हग्गाग आणि जोव्हानी पाची यांच्या २०१४ च्या लेखात दिसले. पण त्याबरोबरच अजिबात टिप न देणाऱ्यांचे प्रमाणही वाढले. माणूस ढकलला जातो तसा चिडतोही. मात्र चिडण्यासाठी त्याला ढकलले जाते आहे हे आधी दिसावे लागते, आणि बहुतेक स्क्रीनवर ते दिसू नये याचीच काळजी घेतलेली असते.

विमानाचे किंवा बसचे तिकीट काढतानाची एखादी स्क्रीन या नजरेने पाहण्यासारखी असते. प्रवाशांची नावे भरून झालेली असतात, वरच्या कोपऱ्यात जागा राखून ठेवण्याची मिनिटे उलटी मोजली जात असतात, आणि मधोमध प्रवासविम्याचे कार्ड असते. 'हो, माझा प्रवास सुरक्षित करा' हा पर्याय रंगीत पट्टीत, ढालीच्या चिन्हासह आणि आधीच निवडलेला. त्याच्याखाली करड्या, बारीक अक्षरांत 'नको, मी जोखीम पत्करायला तयार आहे'. पुढच्या पायरीवर एकूण रकमेशेजारी एक छोटा बाण. तो दाबल्यावरच कळते की भाड्याखाली सोयीचे शुल्क आहे, विमा आहे, आणि कुठल्यातरी सत्कार्यासाठी पाच-दहा रुपयेही धरलेले आहेत. या एका स्क्रीनवर डिफॉल्ट आहे, हानीची भीती आहे, घाई आहे, लाज आहे, आणि शेवटी लपवलेली बेरीज आहे. गंमत अशी की यातले एकही वाक्य खोटे नसते, आणि डिझाइनच्या परीक्षणात एकेक घटक सुटा पाहिला तर प्रत्येकाला काही ना काही समर्थन मिळते. प्रवाशाने संरक्षण घेतले तर त्याचेच भले, हे वाक्य मी अशा परीक्षणांत अनेकदा ऐकलेले आहे. भले असेल तर दोन्ही बटणे एकाच आकाराची आणि एकाच रंगाची करून कोरी ठेवू या, असे सुचवल्यावर खोलीत जी शांतता पसरते ती मला पुरेशी बोलकी वाटते.

अशा रचनांना डार्क पॅटर्न हे नाव ब्रिटिश डिझायनर हॅरी ब्रिग्नल यांनी २०१० मध्ये दिले. युरोपीय संघाने ग्राहकहक्कांच्या निर्देशाद्वारे १३ जून २०१४ पासून जादा पैसे आकारणाऱ्या पूर्वटिक चौकटींवर बंदी आणली, आणि कुकीजसाठीची पूर्वटिक ही संमती ठरत नाही असा निकाल तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १ ऑक्टोबर २०१९ रोजी दिला. आपल्याकडे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी डार्क पॅटर्न रोखण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित केली आणि त्यात १३ प्रकार नावानिशी सांगितले. खोटी घाई, ग्राहकाच्या नकळत टोपलीत घातलेली वस्तू किंवा देणगी, नकार देणाऱ्याला लाजवणारी वाक्ये, वर्गणीचा सापळा, थेंबाथेंबाने उघड होणारी किंमत, हे सगळे त्यात आहे. विमा न घेणाऱ्या प्रवाशाच्या तोंडी 'मी असुरक्षित राहीन' असे वाक्य घालणे, हे उदाहरण त्या तत्त्वांमध्येच दिलेले आहे. सरकारी दस्तऐवजात एखाद्या बटणावरच्या मजकुराची इतकी नेमकी दखल घेतली जावी, याचे आमच्यासारख्यांना अप्रूप वाटले.

वर्गणीचा सापळा हाही मुळात डिफॉल्टच आहे, फक्त तो काळात पसरलेला आहे: काही केले नाही तर पैसे जात राहतात. अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशनने जून २०२३ मध्ये अमेझॉनविरुद्ध दाखल केलेल्या तक्रारीत म्हटले होते की प्राइमची वर्गणी रद्द करण्याच्या वाटेला कंपनीच्या आत 'इलियड' म्हटले जात असे, त्या लांबलचक ग्रीक महाकाव्यावरून. सप्टेंबर २०२५ मध्ये कंपनीने चूक मान्य न करता २.५ अब्ज डॉलरच्या तडजोडीला संमती दिली. भारतात याबाबतीत रिझर्व्ह बँकेने वेगळी वाट काढली, आणि ती मला जास्त शहाणपणाची वाटते. १ ऑक्टोबर २०२१ पासून कार्डावरून आपोआप जाणाऱ्या हप्त्याआधी किमान २४ तास ग्राहकाला सूचना जाणे सक्तीचे झाले, आणि त्या सूचनेतच नको म्हणण्याची सोय असावी लागते. व्यावसायिकांनी तेव्हा पुष्कळ कुरकुर केली, काही महिने कार्डे अडलीही. पण तत्त्व साधे होते: डिफॉल्ट राहू द्या, मात्र तो आपल्यासाठी चालू आहे हे माणसाला वेळेवर दिसू द्या.

त्या लांबलचक यादीतल्या इतर नावांबद्दल थोडे. अँकरिंग, म्हणजे आधी कानावर पडलेल्या आकड्याकडे अंदाज ओढला जाणे, पक्के आहे. ट्वर्स्की आणि काहनेमन यांच्या १९७४ च्या लेखात लोकांसमोर आधी आकड्यांचे चाक फिरवले होते; चाकावर १० आकडा आलेल्यांनी संयुक्त राष्ट्रांतल्या आफ्रिकी देशांचे प्रमाण मध्यकाने २५ टक्के सांगितले आणि ६५ आलेल्यांनी ४५ टक्के. खोडलेली एमआरपी आपल्यावर काय करते, ते यातून कळते. पण मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांचा १९५६ चा सात, अधिक-उणे दोनचा आकडा क्षणिक स्मृतीविषयी आहे, मेनूत किती पर्याय असावेत याविषयी नाही. डोळ्यांसमोर असलेली यादी पाठ करायची नसते. २४ प्रकारच्या जॅमपुढे थांबलेल्यांपैकी ३ टक्के आणि ६ प्रकारांपुढे थांबलेल्यांपैकी ३० टक्के लोकांनी खरेदी केली, हा २००० सालचा प्रयोग प्रत्येकाला माहीत असतो. अशा पन्नास प्रयोगांचा एकत्रित अभ्यास २०१० मध्ये झाला तेव्हा सरासरी परिणाम जवळपास शून्य निघाला, हे फार थोड्यांना माहीत असते. अर्जावर सही आधी घेतली तर माणसे खरे लिहितात, असे सांगणारा २०१२ चा गाजलेला लेख विदा बनावट असल्याचे उघड झाल्यावर २०२१ मध्ये मागे घेतला गेला. स्टेफानो डेलाव्हिग्ना आणि एलिझाबेथ लिनोस यांनी २०२२ मध्ये दाखवून दिले की निवड न हिरावता माणसाला एका बाजूला वळवणाऱ्या अशा सौम्य धक्क्यांचा परिणाम विद्यापीठीय नियतकालिकांतल्या लेखांमध्ये सरासरी ८.७ टक्केबिंदू दिसतो, पण प्रत्यक्ष सरकारी यंत्रणांमधल्या मोठ्या चाचण्यांत १.४ टक्केबिंदूच. तेव्हा बायसचे नाव घेऊन बैठकीत कोणी छातीठोकपणे बोलू लागला की जरा थांबावे. डिफॉल्टच्या ५८ चाचण्यांचा २०१९ मधला एकत्रित अभ्यास मात्र परिणाम चांगलाच मोठा असल्याचे सांगतो, आणि तो ठिकाणागणिक खूप बदलतो हेही सांगतो.

डिफॉल्ट चौकटीतच असतो असेही नाही. तो बोटांच्या सवयीतही असतो. यूपीआय २०१६ मध्ये आले तेव्हापासून त्यात दोन विरुद्ध क्रिया होत्या: आपण होऊन पैसे पाठवणे, आणि समोरच्याने पाठवलेली पैशांची मागणी मंजूर करणे. दोन्हींचा शेवट एकाच स्क्रीनवर, तोच पिन टाकून. रोज चहावाल्याला, रिक्षावाल्याला, वाण्याला पैसे देताना बोटांना इतकी सवय झालेली असते की पिनची स्क्रीन दिसली की पिन टाकायचा, हे न विचारता होते. जुना सोफा विकायला काढलेल्या माणसाला भामटा सांगे, 'पैसे पाठवतोय, पिन टाकून घ्या', आणि सोफा जागेवरच राहून खात्यातले पैसे जात. पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही, अशा जाहिराती वर्षानुवर्षे झाल्या. त्यांचा उपयोग मर्यादितच राहिला, कारण जाहिरात स्मरणाशी बोलते आणि फसवणूक सवयीशी. अखेरीस यूपीआय चालवणाऱ्या राष्ट्रीय देयक महामंडळाने ऑक्टोबर २०२५ पासून व्यक्तीने व्यक्तीकडे अशी मागणी पाठवण्याची सोयच बंद केली. ज्या ठिकाणी सवय आणि धोका एकाच स्क्रीनवर भेटतात तिथे लाल अक्षरांतली सूचना वाढवून काही साधत नाही, ती भेटच टाळावी लागते, असे माझे मत या उदाहरणामुळे अधिक पक्के झाले.

आमच्या रोजच्या कामात मात्र डिफॉल्ट इतका नाट्यमय नसतो. राज्य निवडण्याच्या यादीत पहिला पर्याय आधीच निवडलेला ठेवला की वर्णक्रमानुसार अंदमान आणि निकोबार समोर येते, आणि मग नोंदींमध्ये पिन कोड साताऱ्याचा आणि राज्य अंदमान असलेले ग्राहक सापडू लागतात. अहवाल करणारा त्यांना काढून टाकतो, पण पहिला पर्याय महाराष्ट्र असता तर चूक कुणाच्या लक्षातही आली नसती, ही यातली खरी अडचण आहे. विचित्र डिफॉल्ट स्वतःची चुगली करतो. शहाण्यासारखा दिसणारा करत नाही. म्हणून ज्या रकान्याच्या चुकीची किंमत ग्राहकाला मोजावी लागते, उदाहरणार्थ वारसाचे नाते, हप्त्याची मुदत, जन्मतारीख, तो कोरा ठेवावा, मग अर्ज पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण थोडे घसरले तरी चालेल, असा आग्रह मी धरते. जिथे चुकीची किंमत शून्य आहे तिथे, म्हणजे अक्षरांचा आकार, यादीचा क्रम, अशा ठिकाणी, खुशाल डिफॉल्ट द्यावा. तिथे प्रश्न विचारणे म्हणजे उगाच छळ.

आणि भाषा यांपैकी कशात मोडते? बहुतेक ॲप इंग्रजीत उघडतात. मराठीचा पर्याय प्रोफाइल, मग सेटिंग्ज, मग प्राधान्ये, अशा तीन दारांच्या आत असतो, आणि त्या दारांवरच्या पाट्याही इंग्रजीत असतात, म्हणजे ज्याला इंग्रजी अडते त्यालाच इंग्रजी वाचत तिथवर जावे लागते. मग वर्षअखेरीस आकडा येतो की मराठी आवृत्ती अगदी थोडे लोक वापरतात, आणि त्या आकड्यावरून भाषांतराचा खर्च कापला जातो. हा आकडा लोकांच्या पसंतीचा म्हणून मांडला जातो. तो प्रत्यक्षात डिफॉल्टचाच परिणाम असतो. अवयवदानाच्या प्रयोगातल्या पहिल्या गटाचे ४२ टक्के पाहून लोकांना दान करायचेच नाही असा निष्कर्ष काढण्यासारखेच हे आहे. ग्राहक सेवेच्या फोनवर 'मराठीसाठी ३ दाबा' ऐकेपर्यंत थांबणारे किती आणि पहिल्याच पर्यायाला कंटाळून १ दाबणारे किती, हाही प्रश्न याच जातीचा.

तिसरा गट इथे करून पाहणे अवघड नाही, कारण एटीएमने ते फार पूर्वीच केलेले आहे: कार्ड घातल्यावर पुष्कळ यंत्रे आधी भाषा विचारतात, पर्याय शेजारी शेजारी, सारख्या आकाराचे, प्रत्येक आपापल्या लिपीत, आणि एक दाबल्याशिवाय पुढे काही होत नाही. ॲपच्या पहिल्या स्क्रीनवर तसेच करावे. कोणतेही बटण आधी गडद केलेले नसावे, फोनची भाषा इंग्रजी आहे यावरून अंदाज बांधू नये, कारण फोनची भाषाही दुकानदाराने किंवा कारखान्याने ठेवलेला डिफॉल्टच असतो. निवडलेली भाषा नंतर बदलायची असल्यास ते बटण प्रत्येक स्क्रीनवर त्याच जागी असावे. यावर येणारा नेहमीचा आक्षेप असा की एक स्क्रीन वाढल्याने काही लोक गळतात. गळत असतील, ते किती आणि मराठी निवडून टिकलेले किती, हे दोन्ही आकडे शेजारी ठेवून मग बोलावे. आणि मोजणी करताना एक गोष्ट पाहावी जी बहुतेकदा राहून जाते: स्क्रीनवर मराठी निवडलेल्या माणसाला ओटीपीचा संदेश, पावती आणि हप्त्याची आगाऊ सूचना मराठीतच जाते आहे का, कारण त्या प्रणाली दुसरा विभाग सांभाळतो आणि तिथे भाषेचा रकाना अजून कोणीतरी इंग्रजी असा भरून ठेवलेला असतो.